कॅसिनोचं पणजी, पण कॅसिनो वगळून. दोन दिवस काय करता येईल?

नेरूरपार:
जानेवारीत कुडाळहून सात जण स्वतःच्या गाडीने पणजीला जातोय. शुक्रवारी सकाळी निघायचं, रविवारी दुपारी परत. चौघांचा बेत पक्का आहे, दोन्ही रात्री मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर. उरलो तिघं: मी, सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात, सपाटीवर तासभर चालतात, चढ नको) आणि चौदा वर्षांचा मुलगा. त्याला २१ पूर्ण झाल्याशिवाय आत घेणारच नाहीत. आम्हा दोघींना रस नाही. राहायला पाटोजवळ आहोत. मला फक्त स्कूटर येते, गाडी चालवता येत नाही. समुद्रकिनारे सुचवू नका, किनारा घरीच आहे. सासूबाई शाकाहारी, आणि रविवारी एकादशी असल्याने त्यांचा उपास. जाणकारांनी वेळा, वाहन, बंद-उघडं असं नेमकं सांगावं.

खाजण:
ताई, पणजीत ठिकाणं चुकत नाहीत, वेळा चुकतात. तेवढ्या चार आधी लिहून घ्या.

जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. रेइश मागूशचा किल्ला सोमवारी बंद, तुम्हाला त्याची अडचण नाही. रविवारी पणजीतली बहुतेक दुकानं बंद, आणि जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये सकाळी मिसा (सामूहिक प्रार्थना) चालू असतात, तेव्हा नुसतं बघायला आत फिरता येत नाही. चौथी गोष्ट रोजची: दुपारी एक ते साडेतीन-चार पणजी झोपते. भर दुपारी बाजारात गेलात तर उतरलेली शटरं बघून याल.

म्हणून शुक्रवार पणजीला द्या, शनिवार नदीपलीकडच्या बेटांना आणि जुन्या गोव्याला. रविवारची सकाळ मोकळी ठेवा.

शुक्रवारी निघताय हे फारच बरं, कारण वाटेवर म्हापसा आहे आणि म्हापशाचा बाजार शुक्रवारचाच. पत्रादेवीवरून आलात की पणजीच्या आधी सुमारे १३ किलोमीटरवर. नऊच्या आत पोहोचा. दहानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि चांगला भाजीपाला उचललेला असतो. तिथे बघण्यासारखं म्हणजे गावठी मिरच्यांचे प्रकार. हरमलची, खोल्याची, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. खोल्याची रंगाला, फार झणझणीत नाही. आगशीची मोठी वांगी भाजून भरतासाठी न्या. माडाचा गूळ घेताना तुकडा मोडून बघा: आतून एकसारखा काळपट आणि जरा ओलसर हवा. फिकट आणि खडखडीत असेल तर त्यात साखर आहे असं समजा.

पणजीत गाडी पाटोवरच्या बहुमजली वाहनतळात लावून विसरून जा. शहरात रस्त्याकडेची जागा शोधण्यात अर्धा तास जातो, आणि तुमचं सगळं पायी अंतरात आहे. साडेचारला ऊन कललं की पाटोचा पूल ओलांडून ओरेंच्या खाडीच्या कडेने फोंतेन्हास या जुन्या वस्तीत शिरा. रस्ता सपाट आहे. घरांच्या भिंती गेरू, निळ्या, पिवळ्या. जुन्या पोर्तुगीज अमलात पांढरा रंग फक्त चर्चने लावावा अशी रीत होती, म्हणून घरं रंगीत. दरवर्षी पावसाने रंग विटतो, तेव्हा पावसाळ्यानंतर नवा हात मारतात. जानेवारीत तो ताजा दिसेल. सेंट सेबॅस्टियनचं छोटं कपेल एकोणिसाव्या शतकातलं. त्यातला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या) वाड्यातून आणलेला आहे आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. कपेल बहुधा मिसेच्या वेळीच उघडतं, इतर वेळी दार बंद असलं तर धरून बसू नका.

एक सांगतो, राग मानू नका: ही राहती घरं आहेत. ओट्यावर चढून फोटो, खिडकीत हात घालून फोटो, या प्रकाराला तिथले लोक कंटाळलेत. रस्त्यावरून खुशाल काढा.

गल्लीच्या टोकाला फोंते फिनिक्सची झर आहे. तिथून मळा भागातल्या मारुतीच्या देवळाकडे पायऱ्या चढतात. सासूबाईंनी खाली थांबावं, मुलगा वर जाऊन येईल. पायऱ्या खऱ्याच पुष्कळ आहेत.

पाटोचोपूल:
संध्याकाळची सरकारी क्रूझ घ्या. सांता मोनिका जेटीवरून सुटते, तासाभराची, पाटोपासून जवळ. वर देखणी नावाचा गोव्याचा नाच वगैरे असतो. डॉल्फिनची बोटसुद्धा मिळते.

खाजण:
क्रूझ वाईट नाही, पण ६८ वर्षांच्या बाईंना तासभर स्पीकरसमोर बसवायचं का ते बघा. वरच्या डेकवर डीजे आणि मांडो-देखणीच्या जोडीला प्रेक्षकांना नाचायला बोलावणं. मुलाला आवडेल. नदी बघायची तर बेतीची फेरीबोट पुरे. सुटते त्याच काठावरून, पाच-सात मिनिटांत पलीकडे, पुन्हा तीच धरून परत. सूर्य मावळताना एक फेरा मारा. कॅसिनोच्या बोटींचे दिवे लागलेले असतात आणि त्या तिथूनच बऱ्या दिसतात.

मानस:
शनिवारचं माझ्याकडे. रविवारी एकादशी म्हणजे शनिवारी दशमी, त्यावरून सगळं ठरतं.

कोळ्यांचा पाऊणपटीचा हिशेब माहीत असेलच: तिथी गुणिले पाऊण, तेवढ्या वाजता भरती. दशमीला साडेसात येतात. तो मुंबईकडचा आकडा. गोव्यात भरती साधारण तासभर आधी येते, म्हणून साडेसहा-पावणेसात धरा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, पाऊणएकच्या सुमारास. हा ठोकताळा आहे, आदल्या दिवशी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघून पक्कं करा. दशमी म्हणजे भांग (कमी भरती-ओहोटीचे दिवस) नुकती सरलेली, उधाणासारखं पाणी चढणार नाही. म्हणून उशीर केलात तर मिळणारी वेळ आणखी आखूड होईल.

एवढी उठाठेव कशाला? चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यासाठी. जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं कांदळवन आहे. आत शिरायचं ते छोट्या बोटीने, आणि खाडीच्या फाट्यांत पाणी असतं तोवरच. ओहोटी लागली की फाट्यांत नुसता चिखल, मग नावाडी तुम्हाला मुख्य नदीतून लांबून फिरवून आणतो आणि पैसे तेवढेच घेतो. लोक 'काही दिसलं नाही' म्हणतात ते अकरा वाजता गेलेले असतात.

रायबंदरच्या धक्क्यावर सातला असा. पणजीहून जुन्या गोव्याला जाणाऱ्या बसमध्ये चढताना 'रायबंदरवरून?' असं विचाराच, कारण काही बस वरच्या बगल रस्त्याने जातात. रायबंदरवरून जाणारी बस ज्या बांधावरून जाते तो १६३४ सालचा, तीन किलोमीटरहून जास्त लांब. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खाजण (बांध घालून राखलेली खाडीकाठची शेतं). मुलाला मानस दाखवा: बांधातली लाकडी झडप, भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. खारं पाणी शेतात येत नाही. वीज नाही, मोटार नाही.

फेरीतून चोडणच्या बाजूला उतरलं की अभयारण्याचं फाटक लगेच धक्क्यापाशीच आहे, चालणं नाही. बोटीचं मात्र आदल्या दिवशी ठरवून ठेवा. होडकं नको म्हणून सांगा. होडक्यात खाली बसावं लागतं, गुडघे दुखणाऱ्याला उठता येत नाही. बाकाची बोट मागा. चढता-उतरताना धक्का आणि बोट यांत फूटभर अंतर असतं, दोघांनी हात द्यायचा.

दिसतं काय: खंड्याचे तीन-चार प्रकार, त्यात कांदळवनातला पांढऱ्या गळपट्ट्याचा, जो आत घाटाकडे दिसत नाही. वंचक, समुद्री बगळा, चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे, एकच नांगी मोठी असलेले खेकडे. कधी मगर. दुर्बीण असेल तर ८ पट मोठं दाखवणारी आणा. हलत्या बोटीत १२ पटीची काही कामाची नाही, चित्र थरथरतं.

मगर बघायचीच असेल तर गणित उलटं. कुंभारजुव्याच्या कालव्यात ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर त्या ऊन खात पडतात, थंडीत तर हमखास. दशमीला अकरा ते दीड. पण एका दिवशी दोन्ही करू नका, सासूबाई दमतील.

नेरूरपार:
मानसदादा, खाजणदादा, आभार. मग शनिवारी चोडण झाल्यावर पुढे? सासूबाईंना नार्व्याचं सप्तकोटीश्वर बघायचंय, शिवाजी महाराजांचं म्हणून. स्कूटरवर तिघं बसणार नाही, हेही आता लक्षात आलं.

मानस:
स्कूटर विसरा. रात्रभर बोटीवर जागलेल्यांपैकी एकाला गाडी चालवायला लावू नका, हे तर अजिबात नको. दिवसभराची टॅक्सी ठरवा. गोव्यात ओला-उबर चालत नाही. गोवा माइल्सचं ॲप आहे, ते पाटोहून जुन्या गोव्यापर्यंत ठीक. पण बेटावर परतीची गाडी ॲपवर मिळेल या भरवशावर जाऊ नका. हॉटेलमार्फत आठ तासांची गाडी घ्या आणि ठरवताना तीन गोष्टी बोलून घ्या: थांबण्याचा वेळ धरून आहे का, फेरीचं भाडं कोण देणार, किलोमीटरची मर्यादा किती.

चोडणहून रायबंदरला परत, तिथून जुन्या गोव्याकडे. व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली उतरलं की दिवाडीची फेरी. दिवाडी ओलांडली की पलीकडच्या टोकाला दुसरी फेरी, ती नार्व्याला. दोन्ही धक्क्यांमध्ये काही किलोमीटर आहेत, पायी होणार नाही, म्हणून गाडी फेरीत घालूनच न्यायची.

फेरीत गाडी चढवण्याची एक खुबी आहे. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो, खालचा भाग शेवाळलेला असतो. लांब सेडानचं पोट तिथे घासतं. छोटी हॅचबॅक बरी. आत गेल्यावर हँडब्रेक आणि पहिला गिअर दोन्ही. सासूबाईंना गाडी चढण्याआधीच खाली उतरवून कठड्यापाशी उभं करा. आत गाड्या इतक्या चिकटून लागतात की नंतर दार उघडत नाही.

सप्तकोटीश्वर गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. मूळ देऊळ दिवाडीवरच होतं. ते मोडल्यावर लिंग नदीपलीकडे नेलं. आत्ताचं देऊळ महाराजांनी १६६८ला बांधायला लावलं, दारावर तसा शिलालेख आहे. गोवा सरकारने दुरुस्ती करून २०२३ला ते पुन्हा खुलं केलं. बाहेरून बघताना छपराकडे लक्ष द्या. उतरतं कौलारू छप्पर आणि बुटका घुमट, महाराष्ट्रातल्या शिखरांसारखं काही नाही. पुढे दीपस्तंभ. गर्दी नसते, बसायला सावली आहे. दहा-साडेदहाला तिथे पोहोचलात तर बाराच्या आत परत दिवाडी.

खाजण:
मानसला एक जोड. परतताना जुन्या गोव्यात उतरणार आहातच, तर सगळी चर्च पायी घालत बसू नका. बॉम जेझू आणि समोरचं से कॅथेड्रल, रस्त्याच्या दोन बाजूंना, एवढं सपाटीत होतं. से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ला पडला, म्हणून दर्शनी भाग लंगडा दिसतो. मुलाला विचारा, काय कमी आहे ते ओळख. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, त्याला हाफ पँट नको. बॉम जेझूत सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलंय ते उंचावर, चांदीच्या पेटीत. जवळून दर्शन दहा वर्षांतून एकदा, ते २०२४-२५ला होऊन गेलं.

तिथल्या संग्रहालयात गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकर्कचा पुतळा आहे. तो पूर्वी पणजीत आझाद मैदानावरच्या मंडपात उभा होता. आज तो मंडप रिकाम्या कोरिंथियन खांबांचा दिसतो, खांब जुन्या गोव्यातल्या पडक्या चर्चचे. शुक्रवारी मैदानावरून जाल तेव्हा हे डोक्यात ठेवा, म्हणजे शनिवारी जोडी लागेल. तसंच घंटेचं: पणजीच्या पांढऱ्या चर्चवरची मोठी घंटा जुन्या गोव्यात ज्या ऑगस्टिनियन मठाचा एकच उंच बुरूज उरलाय, तिथली.

मैदानासमोर मेनेझेस ब्रागांझा संस्था. दारातून आत शिरल्या शिरल्या भिंतींवर निळ्या चित्रफरशा आहेत, वास्को द गामाच्या सफरीचे प्रसंग, जॉर्ज कोलासो यांनी १९३५ साली केलेल्या. लोक समोरून जातात, आत कोणी डोकावत नाही. अशा फरशा दुकानांत विकायलाही असतात. हाताने रंगवलेली आणि छापलेली ओळखायची तर भिंगातून बघा. छापलेलीत रंगाचे बारीक ठिपके दिसतात, हाताच्या कामात ब्रशचा फटका सुरुवातीला दाट आणि टोकाला विरळ असतो. दरात मोठा फरक आहे, आणि छापलेलीही 'हँडमेड' म्हणून देतात.

मुलासाठी अजून एक. नदीकाठच्या जुन्या निळ्या इमारतीत सीमाशुल्काचं 'धरोहर' संग्रहालय आहे. तस्करीचा माल कशात कसा लपवला होता ते मांडलंय. त्या वयाला चर्चपेक्षा हे पटकन रुचतं.

उंडो:
खाण्याचं कोणी बोललंच नाही.

सकाळी आणि पुन्हा चारच्या पुढे पदेर (पाववाला) सायकलवर फिरतो, भोंगा वाजवत. पोयी घ्या: कोंड्याची, आतून पोकळ. उंडो कडक सालीचा. कातरो मधोमध कापलेला. गरम घेतलेली पोयी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, वाफेने चामट होते. कापडात गुंडाळा, रात्रीपर्यंत टिकते.

सासूबाईंसाठी नाश्ता पणजीत अजिबात अवघड नाही. पणजीतली साधी कॅफे, चर्च चौकाच्या आसपासची, सकाळी भाजीपावावरच चालतात. पातळ भाजी, सुकी भाजी, आळसांद्यांचं तोणाक, सोबत बन्स किंवा मिरचीभजी. साडेदहानंतर भाजी तळाला लागते. जेवणाला 'शिवराक थाळी', म्हणजे शाकाहारी, म्हणून मागा. मासळीच्या हॉटेलात शिवराक मागितलं तर भाजी वेगळी असते, पण तळणाचं तेल एकच असू शकतं. चालत नसेल तर आधी विचारा, किंवा उडप्याकडे जा. तुम्हा दोघांना मासळी हवी तर दीडच्या आत बसा. अडीचला थाळी संपते, मग मेन्यूकार्डावरचं महागडं उरतं.

रात्री रस ऑम्लेट: ऑम्लेटवर शागुतीचा रस, बाजूला पाव. गाड्यावरच खायचं. अंडं आहेच, शिवाय त्या रसात कोंबडी असते, सासूबाईंना देऊ नका.

रविवारच्या उपासाची सोय शनिवारीच करा, संध्याकाळी पाचनंतर पणजी मार्केटात. मोयऱ्याची केळी मिळाली तर घ्या, लांबलचक असतात. ती पिकल्यावर शिजवून, गूळ-खोबरं घालून खातात. कच्ची तशीच खायला गेलात तर तुरट लागतील.

काजूच्या दुकानात ताई शिरूच नका. वेंगुर्ल्याच्या शेजारचा माणूस पणजीत काजू घेतो हे काही पटत नाही. घ्यायचेच तर २४० आणि ३२० हे आकडे लक्षात ठेवा: एका पौंडात किती गर भरतात तो आकडा. लहान आकडा म्हणजे मोठा काजू. पाकीट उलटं करून तळातले तुकडे बघा.

कांपाल:
शनिवारी संध्याकाळी कला अकादमीची पाटी वाचा. वास्तुकार चार्ल्स कोरियांची इमारत, मागच्या बाजूने थेट नदीवर उघडते, आत जायला तिकीट नाही. मोठ्या सभागृहाला दीनानाथ मंगेशकरांचं नाव, आतल्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक, म्हणजे खुर्च्या रिकाम्या असल्या तरी गॅलरी भरलेली. मराठी नाटक असेल तर उत्तम. नसेल आणि तियात्र (कोंकणी संगीत नाटक) असेल तरी बसा. कोंकणी मालवणी कानाला समजते, फक्त पहिली दहा मिनिटं धीर धरा. प्रवेशांच्या मध्ये कांतारां (गाणी) येतात, त्यांचा कथेशी संबंध असेलच असं नाही. तो शोधत बसलात तर गोंधळ होईल. प्रयोग तीन तासांच्या आसपास, तेव्हा सासूबाईंना कडेची खुर्ची.

रविवारी सकाळी गाडी चालवणारा जागा असेल तर परतीच्या वाटेवरच रेइश मागूश. बेतीहून वेऱ्याच्या बाजूला, १५५१चा किल्ला, पुढे तुरुंग होता, दुरुस्तीनंतर २०१२पासून खुला. आत मारियोंची चित्रं आहेत. फाटकापासून वर चढ आहे, सासूबाईंना खाली चर्चपाशी सावलीत बसवा. वरून अख्खं पणजी आणि नदीतल्या सगळ्या बोटी एका नजरेत येतात.

पाटोचोपूल:
अटल सेतूवर दुचाकी-तिचाकीला बंदी आहे, कोणी स्कूटर घेतलीच तर खालच्या पुलाने जावं. भाड्याच्या दुचाकीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. पांढऱ्या पाटीची दिली तर घेऊ नका, पोलिसांनी अडवलं की दंड तुम्हीच भरणार.

उंडो:
आणि बोटीवरच्या चौघांना आत्ताच सांगा, परतताना डिकीत बाटल्या नकोत. गोव्याची दारू महाराष्ट्रात आणता येत नाही. बांद्याच्या पुढे इन्सुलीला गाड्या तपासतात, आणि सापडली तर बाटलीबरोबर गाडीही अडकते. माडाचं व्हिनेगर न्या, पण बाटलीवर लेबल असलेलं. नाहीतर वास घेऊन दाखवत बसावं लागेल.

नेरूरपार:
बेत वहीत उतरवला. शुक्रवारी म्हापसा आणि फोंतेन्हास, शनिवारी सातला रायबंदर. बोटवाल्याशी बोलताना 'बाकाची' हा शब्द पुरेसा आहे, की इंजिनाची आहे का तेही विचारावं लागेल?

मानस:
विचारा. इंजिन असेल तर फाट्यात शिरल्यावर बंद करून वल्ह्यावर नेणार का, हेही विचारा. इंजिन चालू ठेवलं तर खंड्या तुमच्या पुढे-पुढे उडत राहतो आणि कॅमेऱ्यात येते ती नुसती शेपटी.